कॉफी शॉपमधले पोहे

“तू पण घे गो बाय,” शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली आणि तिने ब्राउनीची बशी मैत्रिणीपुढे सरकवली. ‘गो’ तिने नाकातून काढला, ‘बाय’ लांबवला, मान एका बाजूला कलती केली. मैत्रीण हसली, तोच हेल काढून काहीतरी पुटपुटली, आणि दोघी पुन्हा आपापल्या फोनकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने तो एका वेबसिरीजमधला संवाद होता, गेले काही महिने सगळ्यांच्या तोंडी असलेला. मला तो माझ्या आईचा आवाज वाटतो. कोणीतरी चुरगळून पुन्हा सरळ केलेला.

मुलुंडच्या या कॉफी शॉपमध्ये मी फार दिवसांनी आले होते. रेवाने बोलावलं म्हणून. रेवा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती सिरीज तिनेच लिहिली आहे. ती उशिरा येणार हे मला माहीत होतं, तरी मी वेळेवर आले होते.

पूर्वीचा तपकिरी सोफा आता नाही. तिथे उंच स्टुलं आहेत, ज्यांवर बसलं की पाय लोंबकळतात. समोरच्या भिंतीवर खडूने काढल्यासारखं एक चित्र आहे: स्टीलचा डबा, त्यातून निघणारी वाफ, आणि खाली मोठ्या अक्षरांत तेच वाक्य. मेनूतही आता पोहे आहेत. कागदी वाटीत मिळतात, वर डाळिंबाचे दाणे.

वास मात्र तोच. दार ढकललं की आधी एसीची थंड हवा अंगावर येते, मग भाजलेल्या कॉफीचा कडवट वास, आणि त्याच्या मागून व्हॅनिलाचा, गोड, थोडासा लहानपणच्या खोकल्याच्या औषधासारखा. दूध फेसाळणाऱ्या नळीचा फुत्कार येतो आणि एकदम थांबतो. त्या थांबण्यानंतर जी क्षणभराची शांतता होते, तिच्यात मला अजूनही रेवाचं हसू ऐकू येतं. एकोणीस-वीस वर्षांच्या रेवाचं.

आम्ही या जागेला ‘सोफा’ म्हणायचो. ‘सोफ्यावर ये’ असा तिचा मेसेज यायचा. खरं तर सोफ्यावर बसायला आम्हाला फार क्वचित मिळालं. तेव्हा वर्गातले सगळे पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या परदेशी मालिका बघत. त्यांतले मित्र रोज एकाच कॉफी शॉपमध्ये जमायचे आणि तिथला सोफा त्यांच्यासाठी कायम रिकामा असायचा. मुलुंडचा सोफा कधी रिकामा नसे. त्यावर विमा एजंट एखाद्या काकांना कागदावर आलेख काढून दाखवत असे. सीए करणारी मुलं एका कॉफीवर अख्खी दुपार काढत. लग्नासाठी पहिल्यांदा भेटणारा मुलगा आणि मुलगी अंग चोरून बसलेले असत, आणि दोघांच्या आया लांबच्या टेबलावर मुद्दाम पाठ करून, समोरच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब बघत असत.

सिनेमातल्या कॉफी शॉपमध्ये कोणी कॉफी संपवत नाही. नायिका दोन घोट घेते, काहीतरी ऐकते, पर्स उचलून निघून जाते, आणि भरलेला मग तसाच मागे राहतो. रेवाला याचा फार राग यायचा. आम्ही दोघींत एक कोल्ड कॉफी घ्यायचो, दोन स्ट्रॉ टाकून. बर्फ वितळून तळाशी फिकट, मातकट पाणी उरेपर्यंत बसायचो आणि तेही आवाज करत ओढायचो. निघताना रेवा ब्राउन शुगरच्या पुड्या मुठीत घ्यायची. तिला वाटायचं, ती साखर आपल्या साखरेपेक्षा जास्त शिकलेली आहे.

ऑर्डर द्यायला नेहमी तीच जायची. मी कॉन्व्हेंटमधली, ती मराठी शाळेतली. मला इंग्रजी यायचं, तिला बोलता यायचं. मेनूवरची इटालियन नावं मी तिला टेबलावर हळूच सांगायची आणि ती काउंटरवर जाऊन बिनधास्त म्हणायची, “भैया, वो लंबा नामवाला.” मागची रांग हसायची. मी खिडकीतून बाहेर बघत बसायची, जणू ती माझ्याबरोबर नाहीच, आणि आतून मात्र ती माझ्याबरोबर आहे याचं इतकं सुख व्हायचं.

आमचा एक खेळ होता. लांबच्या टेबलावरची माणसं बोलताना दिसत, ऐकू येत नसत. आम्ही त्यांचं डबिंग करायचो. पुरुषांचे आवाज रेवाचे, बायकांचे माझे. घरी, वर्गात, लग्नकार्यात मी तोंड उघडत नसे. इथे मात्र मी कुजबुजत्या आवाजात सासू व्हायची, मॅनेजर बाई व्हायची, घटस्फोटावर ठाम असलेली आणि केक संपल्याशिवाय न उठणारी बायको व्हायची. रेवा टेबलावर डोकं टेकून हसायची. एकदा आमच्या इकॉनॉमिक्सच्या मॅडम त्यांच्या नवऱ्याबरोबर आल्या, गप्प गप्प बसून राहिल्या. मी सुरुवात करणार तेवढ्यात रेवाने माझ्या हातावर चापट मारली. ओळखीच्या माणसांचं नाही करायचं, यार, ती म्हणाली, चांगलं नाही दिसत. मला ती त्या दिवशी फार आवडली होती.

रेवा तेव्हा नाहूरला तिच्या मामांकडे राहायची आणि तिला सतत भूक लागलेली असायची. आमच्या मुलुंड पूर्वेच्या घरी ती आठवड्यातून दोनदा तरी यायची. चपला काढता काढता विचारायची, “काकू, काय आहे?” आंबोळ्या असायच्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं असायचं. ती स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसायची आणि आई तव्यावरची तिच्या ताटात टाकायची. आई आमच्याशी मालवणीच बोलते. कुडाळहून लग्न होऊन मुंबईत आली तरी तिने ते सोडलं नाही. भाजीवाल्याशी, लिफ्टमधल्या बायकांशी, आमच्या शाळेतल्या सिस्टरांशीसुद्धा बोलताना तिचं मालवणी मधूनच बाहेर यायचं, आणि घाबरली की तर नक्कीच.

मग बाबांची उजवी बाजू गेली, आणि शब्द गेले.

त्या दिवसांचा वास कॉफीचा नाही. तो निलगिरीच्या तेलाचा, टाल्कम पावडरचा, दुपारी ढवळल्या जाणाऱ्या पेजेचा आहे. घर दोन खोल्यांचं, म्हणून बाबांचा पलंग बाहेरच्याच खोलीत, खिडकीला लावून होता. दार उघडलं की आधी बाबा दिसायचे. ते पूर्वी इस्त्रीच्या शर्टाशिवाय दूध आणायलाही खाली उतरत नसत. आता बेल वाजली की डाव्या हाताने चादर छातीपर्यंत ओढून घ्यायचे. फक्त रेवा आली तर ओढायचे नाहीत. तिच्यासाठी ते डावा पंजा वर करायचे आणि ती त्यावर टाळी द्यायची.

त्या वर्षी ताईला दहिसरचं स्थळ आलं. मुलाच्या आईचा फोन आला की रविवारी घरी येतो, घरही बघणं होईल. आईने फोनवर हात ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी ऐकलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. एवढंच झालं. आईने हात काढला आणि हसऱ्या आवाजात म्हणाली की आजकाल मुलं बाहेरच भेटतात ना, ते कॉफी शॉप असतं तिथे, आपणही तिथेच भेटू. जणू तिला फॅशन करायची हौस आली होती. मग मला विचारलं, तुमचं ते कुठे आहे गो?

पण पाहुणे येणार आणि पोहे नाहीत, हे तिला जमेना. ताई म्हणाली, आई, तिथे चालत नाही. आई म्हणाली, चालत नाही म्हणजे? आपण काय उपाशी बसवायचं त्यांना? रविवारी दुपारी तिने पोहे केले. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, घरभर तो हिरवा, तेलकट वास झाला. पहिला घास तिने बाबांना भरवला. ते खूप वेळ चावत राहिले, मग त्यांनी मान हलवली. आईने पोहे डब्यात भरले आणि डबा त्यांच्यापुढे धरला. बाबांनी डाव्या हाताने वाटीतलं खोबरं घेतलं आणि वर पसरलं. थोडं चादरीवर सांडलं. पोहोचत नव्हतं त्या कोपऱ्यातही त्यांनी हात नेला. मग आईने झाकण दाबून लावलं. रिक्षात तो डबा माझ्या मांडीवर होता. त्याची ऊब मला अजून गुडघ्यांच्या वर जाणवते.

कॉफी आली, दोन्ही बाजूंनी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, ताई आणि तो मुलगा एकमेकांच्या मगांकडे बघत राहिले. आणि आईने पिशवीतून डबा काढून काचेच्या टेबलावर ठेवला. झाकण निघालं. हिंग, लिंबू, खोबरं यांचा वास त्या थंड हवेत असा उठला की सोफ्यावरच्या सीएच्या मुलांनीही माना वळवल्या. काउंटरवरची मुलगी आली. टोपी, ॲप्रन, चेहऱ्यावर दिवसभर उभं राहिल्याचा थकवा. हळू आवाजात म्हणाली, “मॅम, बाहर का खाना अलाउड नहीं है.”

आई घाबरली. मला कळलं, कारण तिचे कान लाल झाले. तिने झाकणात पोहे काढले, त्या मुलीपुढे धरले आणि म्हणाली, “तू पण घे गो बाय.”

ती मुलगी एकदा मॅनेजरच्या केबिनकडे वळून बघते, आणि झाकण घेते. तिथेच उभी राहून, काउंटरकडे पाठ करून खाते. मग आत जाऊन आमच्यासाठी कागदी बश्या आणते. हे मला चालू काळातच आठवतं. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले आणि म्हणाले, खोबरं अगदी सढळ हाताने घातलंय हो. आईचं मालवणी एव्हाना जागेवर गेलं होतं. ती जपून, शुद्ध मराठीत म्हणाली, “हे घरी असतात. खोबरं त्यांनीच घातलंय.” मुलाच्या आईने मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. नंतर, निघताना, ती म्हणाली की एकदा त्यांनाच भेटायला येऊ, सवडीने, त्यांना चालेल तेव्हा. ताई आज त्याच घरात आहे.

दुसऱ्या दिवशी याच खिडकीशी बसून मी रेवाला सगळं सांगितलं. भिंतीकडे वळलेलं तोंड, चादरीवर सांडलेलं खोबरं, आईचे लाल कान. मी इतकं सलग कधी कोणाशी बोलले नव्हते. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “काकू ना, यार...” कॉफी तशीच राहिली. आमच्याकडून न संपलेली ती एकच कॉफी असेल.

सिरीज आली तेव्हा बाबा गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. रेवाने मला काही सांगितलं नव्हतं, नुसती लिंक पाठवली होती आणि पुढे डोळा मारणारा चेहरा. मी ती फोनवर, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, कानात इअरफोन घालून बघितली. तिसऱ्या भागात कॉफी शॉप आलं. सोफा आला. भडक साडीतली एक बाई आली, मोठमोठ्याने मालवणीत बोलणारी, कॉफीचा भाव वाचून कपाळावर हात मारणारी. एवढ्यात आमच्याकडे आठवडाभर न्याहारी होते, असं काउंटरवर सुनावणारी. मग ती पर्समधून डबा काढते. तिची मुलगी लाजेने तोंड लपवते. काउंटरवरची मुलगी येते आणि ती बाई, तिला गप्प करण्यासाठी लाच द्यावी तसं, ते वाक्य म्हणते.

सगळं बरोबर होतं. डब्याला पडलेला पोचा बरोबर होता. लिंबाच्या फोडी वेगळ्या, कागदात बांधलेल्या होत्या. त्या घरात फक्त वडील नव्हते. वडील नव्हते म्हणून कारण नव्हतं, आणि कारण नव्हतं म्हणून ती बाई कंजूष होती. माझ्या आईचं डबिंग झालं होतं.

संध्याकाळी रेवाचा फोन आला. ट्रिब्यूट आहे गं काकूंना, ती म्हणाली, कसं वाटलं? मी ‘हं’ म्हटलं. पूर्वी माझ्या प्रत्येक ‘हं’चा वेगळा अर्थ तिला कळायचा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते वाक्य रील्सवर गेलं, मगांवर गेलं, टी-शर्टवर गेलं. माझ्या ऑफिसात कोणी वाढदिवसाचा केक वाटला तरी कोणीतरी ते म्हणतंच. आणि एक दिवस कुडाळच्या आत्याने ती क्लिप आईला पाठवली, हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या चेहऱ्यांसकट. आईने चष्मा लावला, फोन लांब धरला आणि बघितली. मग पुन्हा एकदा बघितली. फोन पालथा ठेवला.

“रेवाक सगळा ठावक होता ना गो?” तिने मला विचारलं.

मी म्हटलं, होतं.

मग असेल तिचं काहीतरी, असं म्हणून ती आत माठाची भाजी निवडायला गेली. रागावली नाही, रडली नाही. पण तेव्हापासून ती घराबाहेर मालवणी बोलत नाही. लिफ्टमध्ये गप्प उभी राहते. भाजीवाल्याला, जो स्वतः वेंगुर्ल्याचा आहे, ‘अर्धा किलो द्या हं’ म्हणते, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. गावाहून फोन आला की आधी उठून दार लावून घेते. मागच्या महिन्यात आम्ही बाजारातून येत होतो. एका लहान मुलीच्या हातातला फुगा सुटला आणि आईच्या तोंडून ‘अगो बाय’ निघालं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. इतकी वर्षं या शहराला जे तिच्याकडून काढून घेता आलं नव्हतं, ते असं गेलं.

रेवा आली. केस कापलेले, अंगाला महागड्या अत्तराचा वास. काउंटरवरच्या मुलाने तिला ओळखलं, न मागता तिची कॉफी आणून ठेवली आणि सेल्फी घेतला. तिने मला घट्ट मिठी मारली, भिंतीकडे बघून म्हणाली, वेडेपणा आहे ना सगळा? आणि बसायच्या आतच बोलायला लागली. दुसरा सीझन येतोय. त्याआधी एक छोटा व्हिडिओ करायचाय, इथेच, याच टेबलावर. आणि त्यात नटी नको, खऱ्या काकू हव्यात. डबा घेऊन येतील, झाकण उघडतील, ते एक वाक्य म्हणतील, बस. लोक वेडे होतील.

मी तिला एकच विचारलं. बाबा का काढलेस?

ती कॉफी ढवळत राहिली. “अगं, काका तसे पलंगावर दाखवले असते तर कोण हसलं असतं? टोनच बदलतो यार. आणि काहीतरी कारण तर द्यावंच लागतं ना. कंजूष आई लोकांना पटकन कळते.” मग माझ्याकडे बघून थोडी नरमली. “तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला माहीत आहे ना, मला काकू किती आवडतात.”

आवडतात हे खरंच होतं, आणि मला त्याचाच जास्त त्रास होत होता. मी मोठ्या मुश्किलीने तिला सांगितलं की आई आता बाहेर मालवणी बोलत नाही. भाजीवाल्याचं सांगितलं, लावून घेतलेल्या दाराचं सांगितलं. ऐकताना रेवाचा कॉफी ढवळणारा हात थांबला. तिचा चेहरा सैल झाला, भुवया जवळ आल्या, आणि क्षणभर मला ती दिसली: भुकेली, मांडी घालून बसणारी, बाबांच्या पंजावर टाळी देणारी. तिचे डोळेसुद्धा ओले झाले.

“हे किती सुंदर आहे गं,” ती म्हणाली. “सीझन दोनमध्ये हे घेऊ या का?”

दूध फेसाळणारी नळी फुत्कारून थांबली.

ती आता घड्याळ बघत होती. म्हणाली, तुला अवघड वाटत असेल तर तू नको विचारूस, मीच विचारते. आत्ताच येते तुझ्याबरोबर. काकू मला नाही म्हणायच्या नाहीत.

आई नाही म्हणालीच नसती. मला सगळं दिसत होतं. बेल वाजेल, आई दार उघडेल, रेवाला बघून काही क्षण थांबेल आणि मग बाजूला होईल. तवा ठेवेल. रेवा फरशीवर बसेल आणि तव्यावरची गरम आंबोळी तिच्या ताटात पडेल. तिने विचारल्यावर आई माझ्याकडे बघेल, मग पदराला हात पुसेल आणि बरं म्हणेल, कारण घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं असतं हे तिला माहीतच नाही. मग ती या दिव्यांखाली येऊन बसेल आणि कोणीतरी तिला सांगेल की ‘बाय’ जरा आणखी लांबवा.

रेवाने पर्स खांद्याला लावली. “चल ना. काकूंच्या हातचं खाऊन किती दिवस झाले.”

मी उठले नाही. माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या दोघींनी फोनमधून माना वर केल्या.

“घरी यायचं नाहीस, रेवा,” मी म्हणाले. “आणि माझ्या आईला यापुढे काकू म्हणायचं नाहीस.”